बडग्याचा हात

बावीस वर्षं झाली, पोळ्याच्या करीला
मी तांडापेठेत बडगे बांधतो.
बांबू, तार, रद्दी, मैद्याची खळ
आणि कोणाच्या ना कोणाच्या अब्रूचे जुने कपडे.

नगरसेवकाचा बांधला, तर भाचा आला हॉकी स्टिक घेऊन.
डॉक्टरचा बांधला, तर कंपाउंडर रडला.
भूखंडवाल्यानं स्वतः फोन केला, गोड आवाजात,
"पराते, हे नाक माझं आहे काय?"
सगळ्यांना मी एकच सांगत आलो,
"भाऊ, नाक बांबूचं आहे.
तुले वास येत असन तर तुझं तू पाह्य."
हसायचे लोक. मीही.
दुखावणं हे दुसऱ्यांचं खातं,
माझ्याकडे खळीचा डबा.

यंदा मंडळानं सांगितलं, लाचखोर बाबू पाहिजे.
खुर्ची, टेबल, फायलींचा ढीग,
टेबलाखालून हात.

चेहरा तासाभरात झाला, चेहरे मला फुकट मिळतात.
हात होईना.
पहिला भिकाऱ्याचा झाला.
दुसरा प्रसाद घेणाऱ्याचा.
तिसऱ्या रात्री, लाइट गेलेली, मेणबत्तीवर,
बोटं आपोआप वाकली.
अंगठा आत, करंगळी जराशी लाजलेली,
आणि मधल्या बोटावर शाईचा डाग कुठे द्यायचा
हे मला कोणाला विचारावं लागलं नाही.
भिवाजी निमजे वाकून म्हणाला,
"काय काढला बे! आत्ता मागन पैसे."

मिरवणुकीत लोक टेबलाखाली डोकावत होते,
हसत होते, थुंकत होते.
एका पोरानं तळव्यावर चप्पल ठेवली,
नीट, हळूच,
जशी नोट ठेवतात.

माझी कानशिलं तापली.
मी त्याचं मनगट धरलं. "माफी माग."
पोरगं खरंच गोंधळलं.
"कोणाची?"

नझूलच्या कचेरीतला हात तो.
शनिवारी मला सायकलच्या दांड्यावर बसवून
सीताबर्डीला न्यायचा.
चोवीस रंगांचा डबा, झाकणावर मोर.
पगार सात तारखेला व्हायचा.
डबा आला एकोणीसला.
मी विचारलं नाही.
त्याच डब्यातल्या जांभळ्यानं
मी माझ्या पहिल्या बडग्याला मिशा काढल्या
आणि बाप उंबऱ्यात उभा राहून
किती हसला होता.

चौकीत गेलो. खरंच गेलो.
हवालदार डोंगरेंनी कागद ओढला.
काय झालं?
"भावना दुखावल्या."
कोणाच्या?
"माझ्या."
कोणी?
मी खिशावरची खळ खरवडत राहिलो.
"बडगा कोणी बांधला, पराते?"
"मीच."
त्यांनी पेनाला टोपण लावलं. चहा सांगितला.
टपरीवाल्यानं पैसे मागितले नाहीत,
त्यांनी दिले नाहीत.
मी पाहिलं. चहा प्यायलो.

परत येताना स्वतःला म्हणून पाहिलं,
भाऊ, हात तारेचा आहे.
बावीस वर्षं चाललेलं वाक्य
गांधीबागेपर्यंतही पुरलं नाही.

आणि तरी, खरं सांगतो,
मंडळानं म्हटलं असतं, हात बदलून दे,
तर मी भांडलो असतो.
माझ्या उभ्या आयुष्यात एवढा चांगला हात
झाला नव्हता.

संध्याकाळी पेटवला तलावाकाठी.
इडा पीडा घेऊन जा गे मारबत!
सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.
भिवाजी म्हणे, धूर लागला काय डोळ्यात.
लागला, म्हटलं.

सकाळी एकटाच गेलो.
फायली गेल्या, चेहरा गेला, टेबल गेलं.
राखेत तारेची पाच बोटं तशीच, उताणी,
करंगळी जराशी लाजलेली.
माझ्या खिशात पन्नासची नोट होती.
बराच वेळ उभा होतो.